नॅशव्हिलमधला रिकामा रविवार

काळात मागे जायचं असेल तर पाहुणा म्हणून जाऊ नका. पाहुण्याला लोक विचारतात, कोण तुम्ही, कुणाकडे आलात. झाडू घेऊन जा. झाडूवाल्याला कुणी काही विचारत नाही, आणि त्याच्यादेखत माणसं सगळं बोलतात.

तर झाडू हातात घ्या. वर्ष 1966, महिना फेब्रुवारी, रात्र बरीच झालेली. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातलं नॅशव्हिल शहर. सोळाव्या ॲव्हेन्यूवरच्या कोलंबिया रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत तुम्ही शिरला आहात. चाहत्यांनी गर्दी करू नये म्हणून इमारतीभोवती पोलीस आहेत. त्यांनी तुमच्याकडे पाहिलं, झाडूकडे पाहिलं आणि मान वळवली. आत सिगारेटचा धूर दिव्याखाली साचून राहिलाय. पियानोपाशी काळा चष्मा लावलेला, पिंजारलेल्या केसांचा, चोविशीतला एक पोरगा एकटाच बसून काहीतरी खरडतोय, खोडतोय, पुन्हा खरडतोय. तो बॉब डिलन. पुढे 'ब्लॉन्ड ऑन ब्लॉन्ड' या नावानं गाजणारा अल्बम इथे तयार होतोय, निदान व्हायचा प्रयत्न करतोय.

वादक एकीकडे पत्ते कुटत बसलेत. त्यांचे चेहरे बघून घ्या, कारण नॅशव्हिलच्या वादकांवर अशी रिकामी बसायची वेळ सहसा येत नाही. ही मंडळी घड्याळावर काम करणारी. तीन तासांचं एक सत्र, त्यात तीन-चार गाणी, की चालले पुढच्या स्टुडिओत. नोटेशनचे कागदही त्यांना लागत नाहीत. चिठ्ठीवर 1, 4, 5 असे आकडे मांडले की कॉर्ड कळले. पेटी शिकलेल्या वाचकाला यातली सोय समजावून सांगायला नको: गायकाच्या गळ्याप्रमाणे सा कुठेही सरकवा, आकडे तेच राहतात. ही पद्धत स्टुडिओंमध्ये रुजवणाऱ्यांपैकी चार्ली मॅकॉय आज इथेच आहे आणि तोही वाट बघतोय. गाणं अजून लिहून व्हायचंय. ते पहाटे चारच्या सुमाराला होईल, अकरा मिनिटांहून लांब निघेल, आणि वाजवताना प्रत्येक कडव्याच्या शेवटी वादकांना वाटत राहील की आता संपलं.

पण तुम्ही डिलनसाठी आलेला नाहीत. तुमच्या शेजारी जो दुसरा सफाईवाला ॲशट्रे रिकामे करतोय, त्याच्याकडे बघा. उंच, निळ्या डोळ्यांचा, एकोणतीस वर्षांचा. नाव क्रिस क्रिस्टॉफरसन. कालपरवापर्यंत अमेरिकी लष्करात कॅप्टन होता, हेलिकॉप्टर उडवत होता. त्याआधी ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकला. विल्यम ब्लेकच्या कविता त्याला पाठ आहेत. वडील हवाई दलात मेजर जनरल. लष्करानं त्याला वेस्ट पॉइंटच्या अकादमीत इंग्रजी शिकवायला नेमलं होतं. त्याआधीच्या रजेत, 1965 च्या उन्हाळ्यात, तो या शहरात आला. रायमन सभागृहात रंगमंचामागे गायक जॉनी कॅशशी त्याचं हस्तांदोलन झालं. परत गेल्यावर त्यानं लष्कराचा राजीनामा दिला. घरी काय झालं असेल याची कल्पना तुम्हाला वेगळी करून द्यायला नको. आईनं पत्र लिहून संबंध तोडला.

आता तो फरशी पुसतो. इमारतीत एवढे दिग्गज येतात-जातात, त्यांच्या हातात आपलं गाणं ठेवायची सोय मात्र नाही. तसं केलं तर नोकरी जाईल. डिलनशी तो एक शब्दही बोलत नाही. तुम्हीही बोलू नका.

ही हकिगत सांगणारे नेहमी ती सिनेमासारखी सांगतात: कॅप्टनचा झाडूवाला झाला, झाडूवाल्याचा तारा झाला. मला त्यातल्या मधल्या पायरीचंच कुतूहल आहे. कुठल्याही खोलीत हजर असूनही मोजला न जाणारा माणूस दोन वर्षांत काय काय बघायला शिकतो? त्याचं उत्तर त्यानं पुढे एका गाण्यात दिलं. 'संडे मॉर्निन' कमिन' डाउन' हे ते गाणं. रोजच्या जगण्याचा अर्थ सांगणारी कंट्री गाणी पोत्यानं सापडतील. अंगण, आई, जुनी मोटार, कुत्रा, देवाचे आभार, असा त्यांचा ठरलेला ऐवज असतो. हे गाणं त्यांच्यापेक्षा खरं आहे, कारण ते लिहिणाऱ्याकडे त्यातलं काहीच नव्हतं.

आता एक रविवार निवडा. 1968 चा किंवा 69 चा, कुठलाही चालेल. एकट्या माणसाचे रविवार सारखेच असतात. झाडू ठेवून द्या. आज सुट्टी आहे, आणि तोच त्रास आहे. क्रिसला दोन मुलं. धाकट्याला जन्मतःच अन्ननलिकेचा दोष, त्यामुळे दवाखान्याची मोठी बिलं. ती फेडायला तो आता एक आठवडा मेक्सिकोच्या आखातातल्या तेलविहिरींवर हेलिकॉप्टरनं माणसं पोचवतो आणि एक आठवडा नॅशव्हिलमध्ये गाणी घेऊन दारोदार फिरतो. बायको-मुलं सोबत नाहीत. ज्या इमारतीत राहतो ती राहण्यास अयोग्य ठरवलेली आहे. पुढे ती पाडूनच टाकली.

त्या इमारतीतल्या खोलीत तुम्ही जागे झाला आहात. डोकं ठणकतंय. काल रात्री ब्रॉडवेवरच्या टूट्सीकडे उशीर झाला. जांभळ्या रंगाचा हा बार गाणी लिहिणाऱ्यांचा आश्रम आहे. मालकीण टूट्सी बेस बुडीत गिऱ्हाइकांच्या उधारीच्या चिठ्ठ्या सिगारच्या खोक्यात साठवते आणि जास्त झालेल्यांना टोपीच्या पिनेनं टोचून बाहेर काढते. तिथे काल तुम्ही कुणीतरी होतात. आज तोंड धुवायचं, केस नीट करायचे, त्यातल्या त्यात बरा शर्ट अंगात चढवायचा आणि जिने उतरायचे, एवढ्याच कामाला सकाळ पुरते.

बाहेर या. रस्ता मोकळा. रविवारची सकाळ, म्हणून बार बंद. हे शहर गाण्यांचं म्हणून जगाला माहीत आहे, पण त्याआधीपासून ते धर्माच्या छापखान्याचं आहे. साऱ्या दक्षिणेतल्या बाप्टिस्ट मुलांची संडे स्कूलची पुस्तकं काढणारं मंडळ इथे, मेथडिस्टांचं प्रकाशनगृह इथे, हॉटेलांच्या खणांमध्ये बायबल ठेवणाऱ्या गिडियन संस्थेचं मुख्यालयही इथेच. रविवारी सकाळी साडेदहाला या गावात रस्त्यावर दिसणारा माणूस म्हणजे ज्याला कुठेही पोचायचं नाही असा माणूस.

चालत राहा. एक पोरगा रिकामा डबा लाथाडत, तोंडानं शिव्या देत चाललाय. पुढच्या वळणावर वास येतो. कुणाच्या तरी स्वयंपाकघरात कोंबडी तळली जातेय. इकडची रीत अशी की मांस आधी ताकात मुरवायचं, पिठात घोळवायचं आणि बिडाच्या जड तव्यात सावकाश तळायचं. आपल्याकडे रविवारी अकराच्या सुमाराला गल्लीतून गेलं की घराघरातून मटणाच्या रश्श्याचा वास येतो, आणि त्यातल्या एकाही घरी आपलं पान मांडलेलं नसलं की तो जरा जास्तच येतो. इथेही तेच. थांबा, पण फार वेळ थांबू नका; खिडकीतून कुणी बघितलं तर ओशाळायला होईल. तव्यापाशी उभी असलेली बाई बहुधा घामाघूम झाली असेल, तेल अंगावर उडालं म्हणून वैतागलीही असेल. आपण काही मोलाचं करतो आहोत असं तिच्या मनातही नसणार. ते मोल रस्त्याच्या या बाजूला उभ्या असलेल्या माणसाला दिसतं.

पुढे बाग. एक बाप मुलीला झोका देतोय, ती हसतेय. इथे तुम्हाला, म्हणजे सावळ्या कातडीच्या मराठी माणसाला, एक गोष्ट सांगून ठेवायला हवी. गाण्यात ही बाग सगळ्यांची वाटते. शहरात तशी ती नव्हती. 1960 मध्ये फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या वूलवर्थच्या दुकानात काळे विद्यार्थी जेवणाच्या काउंटरवर नुसते बसून राहिले म्हणून त्यांना मार खावा लागला होता. 1961 मध्ये काळी मुलं पोहायला आली, तर शहरानं सार्वजनिक पोहण्याचे तलावच बंद करून टाकले. सगळ्यांचेच. 1964 च्या कायद्यानंतर तुम्हाला काउंटरवर कॉफी मिळेल, पण झोपाळ्यापाशी रेंगाळणाऱ्या अनोळखी गोऱ्या माणसाकडे आणि तुमच्याकडे लोक एकाच नजरेनं बघतील असं समजू नका. क्रिस हे गाण्यात आणत नाही. त्याला दोष द्यावा असं मला वाटत नाही. तो स्वतःच्या भुकेबद्दल लिहीत होता. पण कंट्री संगीतातलं 'साधं जगणं' कुणाचं, हा प्रश्न खिशात असू द्या.

मग संडे स्कूलची इमारत. उघड्या खिडकीतून मुलांचं गाणं ऐकू येतं, बेसूर आणि जोरात. तुम्ही उभे राहून ऐकता. आणि मग दूर कुठेतरी घंटा. बस, एवढंच. या साऱ्या फेरीत काहीही घडलेलं नाही. कुणी भेटलं नाही, कुणी मेलं नाही, कुणावर प्रेम जडलं नाही. घरी परतून क्रिस तेवढंच लिहितो, दिसलं त्या क्रमानं. उपमा जवळजवळ नाहीत. ब्लेक पाठ असलेल्या माणसाला एवढा संयम कुठून आला असेल, याचं मला आजही नवल वाटतं.

क्रिस पहिल्यांदा नॅशव्हिलला आला, त्याच 1965 च्या ऑक्टोबरात अमेरिकेनं स्थलांतराचा कायदा बदलला होता. पुढच्या वर्षांत मराठी डॉक्टर, इंजिनिअर तिकडे जाऊ लागले. शनिवारपर्यंत इस्पितळ किंवा प्रयोगशाळा होती. रविवारी सकाळी खोलीच्या खिडकीतून दुसऱ्यांच्या मोटारी चर्चकडे जाताना बघायच्या. त्यांतल्या फार थोड्यांनी हे गाणं तेव्हा ऐकलं असेल. ज्यांनी ऐकलं त्यांना दारूचा थेंबही न घेता ते समजलं असणार.

मधला एक प्रसंग भरभर बघून पुढे जाऊ. नॅशव्हिलजवळच्या हेंडरसनव्हिलमध्ये तळ्याकाठी जॉनी कॅशचं घर आहे. त्याच्याकडे गाण्यांच्या टेपांचा एवढा पूर येतो की तो त्या सरळ तळ्यात भिरकावतो, क्रिसच्याही गेल्यात. शेवटी क्रिस नॅशनल गार्डचं हेलिकॉप्टर त्याच्या हिरवळीवर उतरवतो. कॅश पुढे रंगवून सांगायचा की क्रिस एका हातात बिअर आणि दुसऱ्या हातात टेप घेऊन उतरला, आणि टेपवर हेच गाणं होतं. क्रिस म्हणायचा, हेलिकॉप्टर चालवायला दोन्ही हात लागतात, टेपवर गाणं वेगळंच होतं आणि कॅश बहुधा घरीही नव्हता. तुम्ही हिरवळीवर उभे आहात, तेव्हा खरं काय ते तुम्हाला कळेल. मला सांगू नका. दोन्ही गोष्टी मला आवडतात.

गाणं 1969 मध्ये आधी रे स्टीव्हन्सनं गायलं. चांगलं गायलं, पण फारसं चाललं नाही.

आता 1970. फिफ्थ ॲव्हेन्यूवर लाल विटांची, टोकदार कमानींच्या खिडक्यांची इमारत आहे, तिच्यात शिरा. हे रायमन. टॉम रायमन नावाच्या आगबोटींच्या मालकानं सॅम जोन्स या धर्मप्रचारकाचं प्रवचन ऐकलं, तो बदलला आणि त्यानं हे प्रार्थनागृह उभं करवलं. 1892 मध्ये ते पुरं झालं. 1943 पासून 'ग्रँड ओल ऑप्री' हा रेडिओ कार्यक्रम इथून होतो. बाकं अजून चर्चचीच, लाकडी, पाठ धरणारी. वातानुकूलन नाही. मागच्या गल्लीच्या पलीकडे टूट्सीचं मागचं दार. गायक मधल्या वेळात तिकडे सटकतात. प्रार्थना आणि पिणं यांच्यात एका गल्लीचं अंतर असलेलं हे गाव आहे, आणि आजचं गाणं त्या गल्लीत उभं राहून लिहिल्यासारखं आहे.

वर सज्जात बसा. एबीसी वाहिनीसाठी 'द जॉनी कॅश शो'चं चित्रीकरण चाललंय. थोड्या अंतरावर क्रिस बसलाय. खाली बिल वॉकरचा मोठा वाद्यवृंद, आणि काळ्या कपड्यांत कॅश. अडतीस वर्षांचा. आर्कान्सामधल्या कापसाच्या शेतात वाढलेला, साठच्या दशकात गोळ्यांच्या व्यसनानं पार खाली गेलेला आणि नुकता वर आलेला. रात्रीनंतरची सकाळ कशी असते हे त्याला कुणी सांगायला नको.

पडद्यामागे भांडण झालंय. गाण्यात नशेचा सरळ उल्लेख आहे. वाहिनीवाल्यांचं म्हणणं, देशभरातली कुटुंबं बघणार, तिथे तो नको. त्यांनी बदलही सुचवलाय: त्या माणसाला नशेची नाही, घराची इच्छा होते असं म्हणा. कॅशनं क्रिसला विचारलं. क्रिस म्हणाला, अर्थ तोच राहणार नाही. कॅशनं यावर काही कबूल केलं नाही.

तो गायला लागतो. तो खर्जातला आवाज लाकडी बाकांतून तुमच्या पाठीत उतरतो. तो शब्द जवळ येतो तसे तुम्ही क्रिसकडे बघता. त्याची बोटं बाकाच्या कडेवर आवळलेली असली तर नवल नाही. आणि कॅश मान वर करून सज्जाकडे, थेट त्याच्याकडे बघतो आणि ओळ लिहिली होती तशीच गातो.

कॅशच्या या धैर्याची गोष्ट पन्नासहून अधिक वर्षं सांगितली जातेय, आणि ती सांगण्यासारखी आहेच. पण त्या वाहिनीच्या अधिकाऱ्याला गाणं इतरांपेक्षा जास्त कळलं होतं असं मला वाटतं. त्यानं बरोबर तीच इच्छा ओळखली जी गाण्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे आणि कुठेही उघड बोललेली नाही. वास घराचा, झोका घराचा, मुलांचं गाणं घराचं. सकाळभर घराचीच आठवण काढणारा माणूस तोंडानं मात्र नशा मागतो, कारण नशा मागणं सोपं आहे आणि ती निदान मिळते तरी. वाहिनीचा बदल घातला असता तर गाणं सभ्य झालं असतं आणि फुकट गेलं असतं. रोजच्या सुखाचं मोल सांगणारी बहुतेक गाणी याच ठिकाणी फसतात: ती आपल्या मनातलं आपल्याआधी बोलून टाकतात.

टाळ्या पडतायत. तुम्ही आणखी थोडं पुढे सरका, 14 ऑक्टोबर 1970. सभागृह हेच. कंट्री म्युझिक असोसिएशनचे पुरस्कार. कॅशचं हे ध्वनिमुद्रण कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलंय आणि वर्षातलं सर्वोत्तम गाणं म्हणून क्रिसचं नाव पुकारलं जातं. खांद्यापर्यंत केस वाढवलेला माणूस धडपडत मंचाकडे निघतो. सूट-टायमधल्या लोकांच्या भुवया बघा. यांच्याच गावात तो चार वर्षांपूर्वी ॲशट्रे रिकामे करत होता. तो काय बोलतो ते नीट ऐकू येत नाही, आणि त्याला स्वतःलाही ते नंतर फारसं आठवलं असेल असं दिसत नाही. त्यानंतर त्याला फरशी पुसावी लागली नाही. सिनेमे आले, जगभरचे दौरे आले. 28 सप्टेंबर 2024 रोजी हवाई बेटांतल्या माउईवर, आपल्या घरी, कुटुंबीयांच्या सोबतीत तो गेला. 88 वर्षांचा होता.

आता परत या, आणि गाणं प्रत्यक्ष ऐका. दोन ध्वनिमुद्रणं सहज मिळतात. कॅशचं रायमनमधलं, व्हायोलिनांच्या लाटांवर चढलेलं, आणि 1970 मध्येच मोन्युमेंट कंपनीनं काढलेल्या 'क्रिस्टॉफरसन' या पहिल्या अल्बममधलं त्याचं स्वतःचं. त्याचा आवाज घोगरा आहे, वरचे सूर त्याला झेपत नाहीत आणि तो ते लपवतही नाही. कॅशचं मोठं आहे. पण मोठ्या माणसाचं एकटेपण आपोआपच थोडं भव्य होतं, आणि या गाण्यात भव्य काही नाही. म्हणून आधी क्रिस्टॉफरसनचं ऐका, मग कॅशचं. उलटं केलंत तर क्रिस्टॉफरसनचं उगाच कच्चं वाटेल.